कागदी डिस्क, एमआयसी पट्टी की यंत्र? : संवेदनशीलता चाचणीच्या साधनांचे परीक्षण

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जिवाणूंची प्रतिजैविक-संवेदनशीलता चाचणी (रुग्णाच्या जिवाणूवर कोणते प्रतिजैविक चालेल ते पाहणारी), म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘कल्चर-सेन्सिटिव्हिटी’, नव्याने सुरू करायची किंवा असलेली सुधारायची ठरली, की खरेदीच्या बैठकीत पहिला विषय बहुधा यंत्राचा निघतो. कागदी डिस्क हा जुनापुराणा स्वस्त मार्ग, एमआयसी पट्टी (जिवाणू रोखायला औषध किमान किती लागते तो आकडा देणारी) ही अधूनमधून लागणारी महाग वस्तू आणि स्वयंचलित यंत्र म्हणजे प्रगती, असा एक समज त्या टेबलाभोवती असतो. या तिन्ही साधनांवर मी रोजचे काम केलेले आहे आणि शंभर-दीडशे खाटांच्या जिल्हास्तरीय रुग्णालयाची गरज डोळ्यांसमोर ठेवून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. अशा प्रयोगशाळेसाठी एकेरी डिस्क हीच आजही सर्वांत चांगली खरेदी आहे. पट्ट्या मोजक्या औषधांसाठी हाताशी हव्यातच. यंत्र कामाचा भार आणि रात्रपाळी या दोन्ही गोष्टी असतील तरच घ्यावे. आणि कॉलिस्टिन या राखीव, शेवटच्या प्रतिजैविकाच्या बाबतीत या तिन्हींपैकी एकावरही सरळ विसंबू नये.

डिस्क म्हणजे ६ मि.मी. व्यासाची, ठरावीक मात्रेत औषध शोषवलेली कागदी चकती. बाउअर, कर्बी, शेरिस आणि टर्क यांनी १९६६ साली तिची पद्धत प्रमाणित करून प्रसिद्ध केली आणि मूळ आराखडा आजही तोच आहे. रुग्णाच्या नमुन्यातून वाढलेल्या जिवाणूंचे ०.५ मॅकफार्लंड गढूळपणाचे द्रावण करायचे, ते म्यूलर-हिंटन अगार या जिवाणू वाढवण्याच्या गोठलेल्या माध्यमाच्या प्लेटवर तीन दिशांनी स्वॅबने एकसारखे पसरायचे, डिस्क ठेवायच्या, ३५ अंशांवर १६ ते १८ तास इन्क्युबेटरमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी प्रत्येक डिस्कभोवतीच्या मोकळ्या वर्तुळाचा, म्हणजे झोनचा, व्यास मोजायचा. झोन ठरलेल्या सीमेइतका मोठा असला तर जिवाणू औषधाला संवेदनशील (सेन्सिटिव्ह), फार लहान असला तर प्रतिरोधी (रेझिस्टंट). साधन इतके साधे असल्यामुळे त्याचा सर्वांत मोठा गुण पुष्कळदा ध्यानातच येत नाही: कोणत्या नमुन्याला कोणती औषधे लावायची, हे प्रयोगशाळा ठरवते. लघवीच्या नमुन्याला नायट्रोफ्युरँटॉइन लावता येते, रक्ताच्या नमुन्याला ते वगळता येते. आपल्या रुग्णालयाच्या औषधसाठ्यात नसलेल्या औषधावर डिस्क खर्च करावी लागत नाही. यंत्रात घालायच्या, औषधे आधीच भरलेल्या कार्डात औषधांचा संच कारखान्यातच ठरलेला असतो.

दुसरा गुण असा, की डिस्कच्या प्लेटवर जिवाणू काय करतो आहे ते डोळ्यांना दिसते. मधुमेही पायाच्या जखमेतून आलेला स्टॅफिलोकॉकस ऑरियस घ्या. एरिथ्रोमायसिनची १५ मायक्रोग्रॅमची आणि क्लिंडामायसिनची २ मायक्रोग्रॅमची डिस्क एकमेकींपासून १५ ते २६ मि.मी. अंतरावर ठेवली आणि सकाळी प्लेट काळ्या कागदावर उपडी धरून तिरप्या प्रकाशात पाहिली, की कधी कधी क्लिंडामायसिनचा झोन एरिथ्रोमायसिनच्या बाजूने सपाट झालेला दिसतो. बाकी तीन बाजूंनी गोलाई आणि एका बाजूला भिंत. याला डी-टेस्ट म्हणतात. नुसता व्यास मोजला असता तर क्लिंडामायसिन ‘सेन्सिटिव्ह’ म्हणून गेले असते. सपाट कड दिसल्यावर ते ‘रेझिस्टंट’ म्हणून कळवावे लागते, कारण या जिवाणूजवळ प्रतिरोधाची यंत्रणा तयार आहे आणि उपचार सुरू असताना ती पूर्णपणे जागी होऊ शकते. यंत्राच्या कार्डातही यासाठी एक कप्पा असतो, हे खरे आहे, पण तो होय किंवा नाही एवढेच सांगतो. झोनच्या आत उगवलेल्या दोन-चार सुट्या वसाहती (जिवाणूंचे ठिपके), अस्पष्ट कड, प्लेटवर मिसळलेला दुसराच जिवाणू, या गोष्टी प्लेटवर एका नजरेत कळतात आणि कार्डात कळत नाहीत.

आता दोष. डिस्क ही नाजूक वस्तू आहे आणि आपल्याकडे तिचा प्रवास फारच बेफिकिरीने होतो. बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या) गटाच्या डिस्क उणे २० अंशांवर साठवायच्या असतात, रोजच्या वापराची कुपी २ ते ८ अंशांत ओलावा शोषणाऱ्या पुडीसह ठेवायची असते, आणि शीतकपाटातून काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नसते, नाहीतर हवेतील बाष्प कागदावर बसते. कोकणात पावसाळ्यात हा शेवटचा नियम मोडला की महिन्याभरात डिस्कची ताकद उतरते. एका उन्हाळ्यात आमच्याकडे इमिपेनेमच्या डिस्कचा एक लॉट आला, वितरकाच्या खोक्यातला बर्फाचा गोळा केव्हाच पाणी होऊन गेला होता. नियंत्रणासाठी, म्हणजे ज्याचा निकाल आधीच ठाऊक आहे अशा जिवाणूवर साधन तपासण्यासाठी, वापरला जाणारा ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (एटीसीसी हा प्रमाणित जिवाणूंचा संग्रह) हा जिवाणू इमिपेनेमला २६ ते ३२ मि.मी. झोन देतो, असा निकष आहे. त्या लॉटने २२ च्या पुढे झोन दिलाच नाही. कुपीवरची मुदत दीड वर्ष शिल्लक होती. तो लॉट नियंत्रणाविना वापरला असता, तर इमिपेनेमला दाद देणारे कित्येक जिवाणू ‘रेझिस्टंट’ ठरले असते आणि अतिदक्षता विभागातील डॉक्टरांनी कॉलिस्टिनकडे हात वळवला असता. इमिपेनेम आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असलेल्या जोड्या उष्णतेने लवकर बिघडतात, म्हणून डिस्कच्या मागणीपत्रात वितरकाला शीतसाखळीची अट लेखी घालावी आणि माल आल्याबरोबर त्याच दिवशी नियंत्रण लावावे, असा माझा आग्रह आहे.

नियंत्रणाच्या जिवाणूंचा खर्च अनावश्यक आहे, असे व्यवस्थापनाला वाटते. ई. कोलाय २५९२२, डिस्कसाठी स्टॅफिलोकॉकस ऑरियस २५९२३, स्यूडोमोनास २७८५३ आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासारख्या जोड्यांसाठी ई. कोलाय ३५२१८, एवढे चार प्रकार सांभाळले की जिल्हास्तरीय कामाचा बहुतांश भाग आवाक्यात येतो. रोजच्या नियंत्रणात समाधानकारक निकाल सलग मिळाले, की ते आठवड्यातून एकदा केले तरी चालते. डिस्कवर पैसे वाचवून त्यातला वाटा नियंत्रणावर घालणारी प्रयोगशाळा यंत्र घेऊन नियंत्रण न करणाऱ्या प्रयोगशाळेपेक्षा भरवशाची असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

बाजारात अनेक औषधांची मिळून बनवलेली कड्यासारखी डिस्कही मिळते. सहा किंवा आठ टोके असलेला कागदी तारा एकाच वेळी अगारवर टाकला की काम झाले. लहान प्रयोगशाळांत ती लोकप्रिय आहे, कारण वेळ वाचतो आणि हात थरथरला तरी बिघडत नाही. मी ती सुचवणार नाही. ९० मि.मी.च्या प्लेटवर संवेदनशील जिवाणूचे झोन एकमेकांत घुसतात आणि व्यास मोजताना तंत्रज्ञ अंदाज बांधतो. शिवाय कोणत्या औषधाशेजारी कोणते यावे, हे तिथे आपल्या हातात राहत नाही, आणि काही जिवाणूंमध्ये सेफॉक्सिटिन किंवा इमिपेनेम शेजारच्या सेफॅलोस्पोरिनविरुद्धचे विकर (एन्झाइम) जागे करते. एकेरी डिस्क मध्यबिंदूपासून मध्यबिंदूपर्यंत २४ मि.मी. अंतर सोडून १०० मि.मी.च्या प्लेटवर पाचच ठेवाव्यात. दहा औषधे हवी असतील तर दोन प्लेट घ्याव्यात. दुसऱ्या प्लेटचा खर्च या कामात टाळण्यासारखा नाही.

प्लेट म्हटली की अगारचा विषय येतोच, आणि मला तर वाटते, की खरा घोटाळा डिस्कपेक्षा इथे अधिक होतो. म्यूलर-हिंटन अगार १९४१ साली जॉन म्यूलर आणि जेन हिंटन यांनी गोनोकॉकस आणि मेनिंगोकॉकस वाढवण्यासाठी तयार केले होते; संवेदनशीलता चाचणीसाठी ते नंतर स्वीकारले गेले. (जेन हिंटन पुढे पशुवैद्य झाल्या, आणि अमेरिकेत ती पदवी मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी त्या एक होत्या.) प्लेटमधील अगारची जाडी ४ मि.मी. असावी लागते, सामू ७.२ ते ७.४ असावा लागतो. अगार जाड झाले की औषध खोलवर पसरून झोन लहान होतो आणि जिवाणू खोटाच प्रतिरोधी ठरतो. पातळ झाले की उलट, आणि ही उलट चूक रुग्णाच्या दृष्टीने अधिक वाईट. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे प्रमाण कमी असलेल्या लॉटवर स्यूडोमोनासचे जेंटामायसिन आणि अमिकॅसिनचे झोन फुगतात. थायमिडीन जास्त असलेल्या लॉटवर को-ट्रायमोक्साझोलच्या झोनमध्ये धूसर वाढ राहते. मुंबईच्या हायमिडियासारख्या भारतीय कंपन्यांचे कोरडे माध्यम सहज मिळते आणि ते वापरण्यात कमीपणा काहीच नाही, मात्र ते ओतणाऱ्याने सपाट टेबल, मोजलेले आकारमान आणि लॉटनिहाय नियंत्रण या तीन गोष्टी पाळायला हव्यात. डोळ्यांच्या अंदाजाने बाटलीतून ओतलेली प्लेट मी वापरू देत नाही, मग तंत्रज्ञ कितीही अनुभवी असो.

डिस्कच्या डब्याबरोबर येणारा निकषांचा, म्हणजे झोनच्या सीमांचा, छापील तक्ता ही आणखी एक अडचण आहे. तो भिंतीवर चिकटवला जातो आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतो, तर अमेरिकेची सीएलएसआय ही संस्था आणि युरोपची युकास्ट आपापले निकष दरवर्षी तपासून प्रसिद्ध करतात. लघवीतल्या ई. कोलायचा सिप्रोफ्लॉक्सासिनचा झोन २३ मि.मी. आला, तर २०१९ पूर्वीच्या सीएलएसआय तक्त्यानुसार तो संवेदनशील होता, कारण तेव्हा सीमा २१ होती. आता ती २६ आहे आणि २३ हा मधल्या गटात मोडतो. तीच डिस्क, तीच प्लेट आणि दोन तंत्रज्ञांच्या दोन तक्त्यांतून निघालेले दोन रिपोर्ट, हा प्रकार मी पाहिलेला आहे. त्यातच सीएलएसआय आणि युकास्ट यांच्या डिस्कमधील मात्राही वेगळ्या असतात: सेफोटॅक्झिमची सीएलएसआयसाठी ३० मायक्रोग्रॅमची आणि युकास्टसाठी ५ ची, नायट्रोफ्युरँटॉइनची अनुक्रमे ३०० आणि १०० ची. एकाची डिस्क विकत घेऊन दुसऱ्याच्या तक्त्यावर वाचली, तर निकाल निरर्थक असतो. दोन्ही संस्थांचे तक्ते इंटरनेटवर मोफत पाहता येतात, त्यामुळे जुना तक्ता वापरण्याचे कारण पैशाचे नाही.

पट्टीबद्दल थोडक्यात. या पट्टीवर औषधाची मात्रा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे दुपटीच्या पायऱ्यांनी चढत जाते. जिवाणूच्या लंबगोलाची कड जिथे पट्टीला छेदते तो आकडा म्हणजे किमान प्रतिबंधक मात्रा, एमआयसी. स्वीडनमध्ये तयार झालेली आणि आता फ्रान्सच्या बायोमेर्यू कंपनीकडे असलेली ई-टेस्ट प्लास्टिकची आहे. हायमिडियाची इझी एमआयसी कागदाची. दोन्ही हाताळायला सोप्या, पण अगारला एकदा टेकली की पट्टी हलवायची नाही, कारण औषध क्षणात उतरते. वाचनाचा एक नियम मात्र सतत मोडला जातो. आकडा दोन पायऱ्यांच्या मधला आला, जसा व्हॅन्कोमायसिनचा १.५, तर तो वरच्या पायरीवर, म्हणजे २ वर, न्यायचा असतो. रिपोर्टवर १.५ लिहिलेला दिसला, की वाचणाऱ्याने सूचनापत्र उघडलेले नाही, असे खुशाल समजावे.

पट्टीची खरी गरज कोणत्या औषधांना आहे, हे ठरवून मगच साठा मागवावा. स्टॅफिलोकॉकस ऑरियसला व्हॅन्कोमायसिनची डिस्क लावणे हे चुकीचे आहे, कारण थोडासा वाढलेला प्रतिरोध डिस्कच्या झोनमध्ये दिसतच नाही. सीएलएसआयने हे निकष २००९ साली काढून टाकले, तरी अशा डिस्कवर आधारलेले रिपोर्ट अजूनही फिरताना दिसतात. (एंटेरोकॉकसला तीच डिस्क चालते, पूर्ण २४ तास ठेवून.) मेनिंजायटिसच्या रुग्णातील न्यूमोकॉकसला पेनिसिलिनची पट्टी लागतेच, आणि विषमज्वरात अझिथ्रोमायसिनचा झोन सीमेवर किंवा अस्पष्ट आला तर पट्टीने खात्री करून घेणे शहाणपणाचे. विषमज्वराबाबत आणखी एक गोष्ट याच ओघात: प्रयोगशाळेत साल्मोनेला टायफीभोवती जेंटामायसिनचा झोन छान मोठा येतो, पण रुग्णाच्या शरीरात ते औषध उपयोगी पडत नाही, म्हणून तो निकाल रिपोर्टमध्ये द्यायचाच नसतो. उत्तम पट्टी घेतली तरी हे ज्ञान तिच्या डब्यात येत नाही.

आता यंत्र. आपल्याकडे सर्वाधिक दिसणारे बायोमेर्यूचे व्हायटेक २ कॉम्पॅक्ट हेच समोर ठेवून लिहिते. पत्त्याच्या पानाएवढ्या कार्डात ६४ बारीक कप्पे असतात. तंत्रज्ञ जिवाणूंचे द्रावण मोजून करतो, त्यातले ग्राम-ऋण जिवाणूंसाठी १४५ मायक्रोलिटर किंवा ग्राम-धन जिवाणूंसाठी २८० मायक्रोलिटर (ग्राम रंगचाचणीने जिवाणूंचे हे दोन गट पडतात) दुसऱ्या नळीतील सलाइनमध्ये सोडतो, नळी लावून कार्ड निर्वात कक्षात भरले जाते, आणि मग यंत्र दर १५ मिनिटांनी प्रत्येक कप्प्यातून प्रकाश सोडून वाढ मोजते. निकालाबरोबर त्याची आज्ञावली जिवाणूत कोणत्या प्रकारचा प्रतिरोध असावा, याचा तर्कही मांडते, आणि तो तर्क बहुतेक वेळा अभ्यासू असतो. झोन मोजताना माणसागणिक पडणारा मिलिमीटरचा फरक इथे नाही. नोंदी आपोआप साठतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मोफत व्होनेट प्रणालीत त्या नेऊन वर्षाचा ‘अँटिबायोग्राम’ (कोणता जिवाणू कोणत्या औषधाला किती दाद देतो त्याचा तक्ता) काढणे सोपे जाते. रोज तीस-चाळीस जिवाणू निघणाऱ्या प्रयोगशाळेला हे यंत्र वरदान आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण ज्या वेगासाठी ते विकले जाते, तो वेग आपल्याकडे बहुधा वाया जातो. यंत्रालाही शुद्ध वसाहत लागते, म्हणजे पहिल्या दिवसाची वाढ टळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला कार्ड लावले, तर पुष्कळ ग्राम-ऋण जिवाणूंचे निकाल रात्री आठ-दहाच्या सुमारास पडद्यावर येतात. त्या वेळी तपासून सही करणारे कोणी नसेल, तर रिपोर्ट निघतो तिसऱ्या दिवशी सकाळी, जेव्हा डिस्कचेही झोन मोजून झालेले असतात. यंत्राच्या किमतीवर चर्चा करणाऱ्या बैठकीत रात्रपाळीच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाच्या पगारावर चर्चा झालेली मी अजून ऐकलेली नाही. रक्ताच्या कल्चरमध्ये घाई असेल, तर युकास्टची एक जलद डिस्क पद्धत उपलब्ध आहे. तीत पॉझिटिव्ह झालेल्या बाटलीतून थेट अगारवर लावून ४, ६ आणि ८ तासांनी झोन वाचतात. तिला यंत्र नको, पण तिलाही संध्याकाळी माणूस हवा.

यंत्र ‘मोफत’ ठेवून वर्षाला ठरावीक कार्डे घेण्याचा करार हा आपल्याकडचा रूढ मार्ग आहे, आणि तो वाचताना तीन प्रश्न विचारावेत. वापर कमी झाला आणि कार्डांची मुदत संपली, तर नुकसान कोणाचे? आज्ञावलीत कोणत्या वर्षाचे निकष आहेत आणि ते बदलण्याचा खर्च कोणावर? कार्डात नसलेल्या औषधाची, उदाहरणार्थ सेफ्टाझिडीम-अविबॅक्टमची, मागणी आली तर काय? तिसऱ्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘डिस्क लावा’ असेच असते, म्हणजे यंत्र आले तरी अगार, डिस्क आणि नियंत्रण यांतून सुटका नाही. डिस्कची घडी नीट बसलेली नसताना यंत्र घेऊ नये, असे मी म्हणते ते यामुळेच.

राहिले कॉलिस्टिन. कार्बापेनेमला (इमिपेनेमच्या गटाला) न जुमानणारे क्लेब्सिएला आणि असिनेटोबॅक्टर आपल्या अतिदक्षता विभागांत नित्याचे झाल्यापासून याचा निकाल डॉक्टर सर्वांत आधी विचारतात, आणि नेमका तोच सर्वांत अवघड आहे. कॉलिस्टिनचा रेणू मोठा, अगारमध्ये तो नीट पसरत नाही, त्यामुळे डिस्कचा झोन आणि पट्टीचा आकडा दोन्ही फसवे. स्वयंचलित यंत्रांतूनही प्रतिरोधी जिवाणू निसटल्याची नोंद अनेक अभ्यासांत आहे. सीएलएसआय आणि युकास्टच्या संयुक्त गटाने २०१६ मध्ये ब्रॉथ मायक्रोडायल्युशन (द्रव माध्यमात औषधाच्या चढत्या मात्रा ठेवून एमआयसी काढणे) हीच संदर्भ पद्धत ठरवली. सीएलएसआयने तर २०२० पासून कॉलिस्टिनसाठी ‘सेन्सिटिव्ह’ हा गटच ठेवलेला नाही. एमआयसी २ किंवा कमी असेल तर ‘इंटरमीजिएट’, ४ किंवा अधिक असेल तर ‘रेझिस्टंट’. ज्या रिपोर्टवर आजही कॉलिस्टिनपुढे नुसते ‘एस’ (सेन्सिटिव्ह) लिहिलेले असते, त्या प्रयोगशाळेने सीएलएसआयचे नाव खाली छापू नये.

ब्रॉथ मायक्रोडायल्युशनची तयार पॅनेल परवडत नसतील, तर सीएलएसआयने मान्य केलेली डिस्क-इल्युशन पद्धत लहान प्रयोगशाळेला सहज जमण्यासारखी आहे. म्यूलर-हिंटन ब्रॉथच्या, तेही कॅल्शियम-मॅग्नेशियम समायोजित केलेल्या, १० मि.लि.च्या चार नळ्या घ्यायच्या; त्यांत १० मायक्रोग्रॅमच्या कॉलिस्टिन डिस्क अनुक्रमे शून्य, एक, दोन आणि चार टाकायच्या; अर्धा तास औषध उतरू द्यायचे, मग जिवाणू घालून रात्रभर ठेवायचे. दर मि.लि.ला ०, १, २ आणि ४ मायक्रोग्रॅम अशी मात्रा आपोआप तयार होते आणि कोणत्या नळीत गढूळपणा नाही ते पाहून एमआयसी मिळते. अगारवर निरुपयोगी ठरलेली तीच स्वस्त डिस्क इथे ब्रॉथमध्ये काम देते. ही पद्धत एंटेरोबॅक्टेरेलिस (ई. कोलाय, क्लेब्सिएला इत्यादींच्या) गटाला आणि स्यूडोमोनास एरुजिनोसाला लागू आहे. असिनेटोबॅक्टरला नाही, त्यामुळे तो जिवाणू आला तर वसाहत तिरप्या अगारवर घेऊन ब्रॉथ मायक्रोडायल्युशन करणाऱ्या संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवावी आणि तोपर्यंत रिपोर्टवर कॉलिस्टिनची ओळ ‘प्रलंबित’ ठेवावी.